सर्व कांहीं कोठें तरी घडतेंच काय?

गेल्या डिसेंबरांत आमच्या धुळ्याच्या शाळेचीं नववीचीं मुलें घेऊन मी पाटणास गेलों होतों. आगगाडीनें चाळीसगांव, आणि तेथून मोटारीनें डोंगराच्या पायथ्यापर्यंत, असा तो प्रवास आहे. लोक तेथें चंडिकेच्या दर्शनास जातात. गणित शिकविणारानें तेथें जाण्याचें कारण निराळें आहे. थोर गणिती भास्कराचार्य (जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४) यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांचें अध्ययन अखंड चालावें म्हणून येथें मठ स्थापिला, आणि १२०७ सालीं त्या मठास मिळालेल्या दानाचा शिलालेख कोरला गेला. एकोणिसाव्या शतकांत डॉ. भाऊ दाजी यांनीं तो विद्वानांच्या नजरेस आणिला. आचार्यांचा जन्मही येथलाच कीं काय, यावर पंडितांचें एकमत नाहीं; पण त्यांचें गणित आमच्या खानदेशांत शिकविलें जात होतें एवढें दगडावर लिहिलेलें आहे, आणि मला तेवढें पुरे आहे. मुलें मात्र शिलालेखापेक्षां माकडांकडेच अधिक लक्ष देत होतीं, हें कबूल केलें पाहिजे.

जेवणें झाल्यावर एक मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. त्याचें नांव येथें देत नाहीं. त्याचा वडील भाऊ उन्हाळ्यांत पारोळ्याच्या पुढें हमरस्त्यावर अपघातांत वारला होता. तेव्हांपासून हा मुलगा वर्गांत फारसा बोलत नसे. पण वाचनालयांतून पुस्तकें नेत असे, आणि त्यांतच कै. डॉ. जयंत नारळीकर यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा त्याच्या हातीं आली होती. त्या कथेंतील इतिहासाचे प्राध्यापक अशा एका जगांत जाऊन पोहोंचतात कीं, जेथें १७६१ सालीं पानिपतावर विश्वासराव गोळीनें पडत नाहींत आणि जय मराठ्यांचा होतो.

“सर,” तो म्हणाला, “विश्व अनंत आहे असें म्हणतात. मग जें जें होऊं शकतें तें तें कोठें तरी झालेंच असेल ना? दादा त्या दिवशीं पांच मिनिटें उशिरा निघाला, असें एक तरी ठिकाण असेलच ना?”

मी ख्रिस्ती मनुष्य आहें. मृत्यूनंतरच्या आशेविषयीं मला काय वाटतें तें त्या मुलास ठाऊक होतें. शाळेच्या प्रार्थनेंत त्यानें तें अनेकदां ऐकिलें आहे. परंतु त्यानें मला धर्माचा प्रश्न विचारला नव्हता, गणिताचा विचारला होता. एका तासाच्या प्रश्नास दुसऱ्या तासाचें उत्तर देणें मला प्रामाणिकपणाचें वाटलें नाहीं. शिवाय तो ‘असेल का’ असें म्हणाला नव्हता. ‘असेलच ना’ असें म्हणाला होता. त्या ‘च’वरच सारें अवलंबून होतें.

मीं त्याला सांगितलें कीं, कथेंतलें जग पुंजसिद्धांताच्या निराळ्या वाटेनें आलेलें आहे. तुझा प्रश्न अवकाशाच्या अनंतपणाचा आहे, आणि त्याच्यापुरतें गणित याच मठांत शिकविलें गेलें असेल. लीलावतीच्या अखेरीस अंकपाश नांवाचें प्रकरण आहे. शंकराच्या दहा हातांत पाश, अंकुश, डमरू, त्रिशूळ इत्यादि दहा वस्तु आहेत. त्यांची हातांत अदलाबदल केल्यास मूर्तीचे किती प्रकार होतील, असें आचार्य त्यांत विचारतात. उत्तर ३६,२८,८००. विष्णूचे हात चार, म्हणून त्याचे प्रकार अवघे २४.

“समज, ती दहा हातांची मूर्ति दर सेकंदास एक नवी मांडणी धरते. सर्व प्रकार संपावयास किती वेळ लागेल?”

तो काडीनें धुळींत गुणाकार-भागाकार करूं लागला. उत्तर बरोबर ४२ दिवस येतें.

“आणि त्रेचाळिसाव्या दिवशीं?”

“आधींचीच मांडणी पुन्हां येईल.”

“येईलच?”

“येईलच सर. नवी उरलीच नाहीं.”

येथवर त्याचा पक्ष बळकट होत चालला होता, आणि त्याच्या मुद्रेवरून तें त्यालाही कळलें होतें. विश्वविज्ञानांतील कित्येक पंडित याच वाटेनें जातात. आपल्याला दिसूं शकणाऱ्या विश्वाची त्रिज्या सुमारें ४,६०० कोटी प्रकाशवर्षें आहे. एवढ्या जागेंत द्रव्य मांडण्याचे प्रकार अफाट असले तरी त्यांना अंत आहे. तेव्हां अवकाशाला अंत नसेल तर तेच प्रकार पुन्हां पुन्हां आले पाहिजेत. मॅक्स टेगमार्क यांनीं २००३ सालीं मांडलेल्या हिशेबाप्रमाणें आपली हुबेहूब प्रतिकृति किती दूर असावी? एकावर २८ शून्यें देऊन जी संख्या होते, तितकीं शून्यें एकावर द्यावीं, तितके मीटर. दृश्य विश्वाची सारी त्रिज्या मीटरांत लिहिली तर ती २७ आंकड्यांत मावते. टेगमार्कांची संख्या नुसती लिहून काढावयास कोणाचेंही आयुष्य पुरणार नाहीं.

“आतां असें समज,” मी म्हणालों, “कीं मूर्तीला दोनच मांडण्या ठाऊक आहेत. डमरू आणि त्रिशूळ यांची ती अदलाबदल करते, पुन्हां जागच्या जागीं आणते; याखेरीज कांहीं करीत नाहीं. हें किती दिवस चालेल?”

“कितीही.”

“आणि उरलेल्या ३६,२८,७९८?”

त्याची काडी थांबली.

अनंत काळ किंवा अनंत जागा मिळाली म्हणजे पुनरावृत्ति अटळ होते. प्रत्येक प्रकार येणें अटळ होत नाहीं. सम संख्या अनंत आहेत, पण त्यांत तीन सांपडत नाहीं. मोठमोठीं माणसें या ठिकाणीं घसरतात असें मला वाटतें. ‘अनंत’ या शब्दांतून तीं ‘सर्व’ हा शब्द नकळत काढून घेतात. सर्व प्रकार यावयाचे तर आणखी कांहीं लागतें: कोणत्याही प्रकाराला मुळांतच मज्जाव नसावा, एका ठिकाणचें घडणें दुसऱ्या ठिकाणाशीं बांधलेलें नसावें, आणि प्रत्येक खेपेस प्रत्येक प्रकाराला लहानशी कां होईना, पण आटत न जाणारी संधि असावी. टेगमार्क यांचा हिशेबही आरंभींचें द्रव्य दूरदूर यदृच्छेनें पसरलें होतें असें गृहीत धरूनच चालतो. तें गृहीत धरण्यास कारणें आहेत. परंतु दृष्टीच्या सीमेपलीकडे जाऊन कोणी तें तपासलेलें नाहीं. अवकाश अनंत आहे हेंही सिद्ध नाहीं. मोजमापांत तें जवळजवळ सपाट आढळतें. पण सपाट म्हणजे अनंत नव्हे.

“म्हणजे नाहीं?” त्यानें विचारलें.

“नाहीं असेंही म्हणतां येत नाहीं. असेलही. ‘असेलच’ म्हणतां येत नाहीं.”

आणखी एक गोष्ट माझ्या मनांत आली होती, ती मी बोललों नाहीं. सर्व कांहीं घडतेंच असा नियम असेल तर तो चांगल्यापुरताच राहणार नाहीं. त्या दिवशीं हा मुलगाही भावाच्या मागें बसला होता असेंही एक ठिकाण त्यांतून निघेल. त्याऐवजीं मीं एवढेंच विचारलें कीं, तेथें जो पांच मिनिटें उशिरा निघाला, त्याला ओळखणारी आई तेथलीच. मग त्याला तुझा दादा म्हणावें काय? त्यानें उत्तर दिलें नाहीं. हा प्रश्न माझ्या विषयाचा नव्हता, आणि मलाही त्याचें नीट उत्तर येत नाहीं.

मग, शिक्षकाची जीभ, मी आणखी बोलत गेलों. बीजगणितांत आचार्यांनीं शून्यानें भागलेल्या राशीला खहर म्हटलें आहे. तींत कांहीं मिळविलें किंवा तींतून कांहीं काढलें तरी ती बदलत नाहीं. जग उत्पन्न होवो वा लयास जावो, अच्युत परमेश्वरांत जसा फरक पडत नाहीं, तशी ती राशि, असा त्यांचा दृष्टांत आहे. “अनंतांतून एक वजा केला तरी अनंतच राहतें,” मी म्हणालों. बोलल्यावर ध्यानांत आलें कीं हें वाक्य त्या मुलापुढें उच्चारावयाचें नव्हतें. त्यानें धुळींतले आंकडे पायानें पुसले आणि तो इतर मुलांत गेला.

परतीच्या गाडींत तो खिडकीशीं बसून वहींत कांहीं लिहीत होता. शिरूड गेल्यावर त्यानें वही माझ्यापुढें धरली. एका घरचीं पांच माणसें पंगतीस किती रीतींनीं बसूं शकतील, हें त्यानें अंकपाशाच्या रीतीनें काढलें होतें: १२०. त्याखालीं चार माणसांचें: २४. मग रेघ ओढून वजाबाकी: ९६.

“घरीं आतां चारच बसतों, सर,” तो म्हणाला.

मीं उदाहरण पुन्हां करून पाहिलें. तें बरोबर होतें. मीं त्याखालीं बरोबरची खूण केली आणि वही त्याला परत दिली.