शून्याची खोडी

निवृत्त झालो तरी एखाद-दुसरं मूल गोव्यात हरमलला घरी येतंच. एम.एस्सी. करणाऱ्या एका मुलीनं परवा विचारलं, "सर, मधे शून्यं घातली की उत्तर बदलतं. मग ते उत्तर श्रेणीचं, की आपल्या पद्धतीचं?" तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही.

१−१+१−१… चेझारोच्या रीतीनं, म्हणजे आंशिक बेरजांची सरासरी घेऊन, अर्धा. आता प्रत्येक +१ नंतर शून्य घाला. आंशिक बेरजा १, १, ०, १, १, ०. सरासरी दोन तृतीयांश. शून्यानं भर काहीच घातली नाही, नुसती जागा अडवली. आमच्या किनाऱ्यावरच्या शॅकचं तसंच: आठ महिने उभे, पावसाचे चार महिने मोडलेले. वर्षाची सरासरी दोन तृतीयांश; सीझन आखडला की तीही हलली. काले या फ्रेंच गणितीनं लाग्रांजच्या काळातच ही खोडी काढली होती. लाग्रांज म्हणाला, घातमालिकेत गळलेल्या घातांची शून्यंही लिहा. जबाब बिनतोड आहे, पण माझं समाधान होत नाही. शून्य लिहायचं की नाही, हे ठरवणारा घात आला कुठून?

अशा श्रेणी शिकवताना वर्गात मी सुरुवात करायचो ती रामानुजनपासून. फेब्रुवारी १९१३च्या पत्रात त्यानं हार्डींना कळवलेलं १+२+३… = −१/१२. मुलं आ वासायची. मला ते फार आवडायचं, अजूनही आवडतं. हल्ली मोबाइलवरचे व्हिडिओवाले हाच प्रयोग लावतात, आणि त्यांच्यावर मी चिडतो ते गणितासाठी कमी, माझा खेळ पळवला म्हणून जास्त.

एक गोष्ट मात्र ते दाखवत नाहीत. १+२+३… या श्रेणीची बेरीज 'ब' माना. पुढे शून्य लावून ती एक घर सरकवा आणि मूळ श्रेणीतून वजा करा: १+१+१… = ०. तेच पुन्हा करा: १ = ०. म्हणजे सरकवणं आणि पदाला पद वजा करणं, दोन्ही चालू देणाऱ्या कुठल्याच पद्धतीत हिला किंमत मिळत नाही. −१/१२ झीटा फलनाच्या वाटेनं येतं, आणि तिथं सरकवायला बंदी. इथंही खोडी शून्याचीच!

"उत्तर पद्धतीचं," मी मुलीला म्हटलं.

"मग १−१+१−१…ला घातमालिकेवाला आबेल आणि सरासरीवाला चेझारो, दोघांनाही अर्धाच कसा मिळतो?"

फ्रोबेनिउसचं १८८०चं प्रमेय तिच्या हाती ठेवलंय. सरासरी असेल तर आबेलचं उत्तरही तेच, एवढं त्यात आहे. शून्यांबद्दल त्यात काही नाही, हे ती पुढच्या खेपेला येऊन सांगेलच.