टाळ्या कुठे पडतात

मागच्या वर्षी डोंबिवलीत, आमच्या सोसायटीच्या गणपतीत, माझी भाची चिऊ ‘चिकनी चमेली’वर नाचली. वय साडेपाच. स्टेप्स मी बसवल्या होत्या. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी शहाणपणा शिकवायला लागले तर तुमच्या लक्षात राहील.

गाणं तिनंच निवडलं, असं आम्ही सगळ्यांना सांगत होतो. पण ते तिच्या कानावर घातलं कुणी? जेवताना मोबाइल, गाडीत मोबाइल, आणि एक गाणं संपलं की पुढचं आपोआप सुरू. तालमीच्या दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, “मावशी, पव्वा म्हणजे काय?” मी म्हटलं, “पाव किलो.” ताई स्वयंपाकघरातून खो खो हसली. पुढे चिऊनं वाण्याकडे एक पव्वा साखर मागितली. तो किस्सा आम्ही फॅमिली ग्रुपवर आठवडाभर पुरवून वापरला.

नाच जोरदार झाला. एका स्टेपला मागच्या रांगेतून शिट्ट्या आल्या. वन्समोअर मिळाला, तेव्हा चिऊनं तीच स्टेप दोनदा केली. हे मी तिला शिकवलं नव्हतं.

रात्री व्हिडिओ पाहताना मला ते दिसलं. शिट्ट्यांच्या आधी ती सारखी माझ्याकडे बघत होती, पुढची स्टेप आठवायला. शिट्ट्यांनंतर ती फक्त लोकांकडे बघत होती.

पंधरा दिवसांनी लिफ्टमध्ये एक काका म्हणाले, “काय चमेली, ती स्टेप करून दाखव की!” पाठीवर दप्तर, हातात पाण्याची बाटली. तिनं बाटली खाली ठेवली आणि स्टेप केली. काका हसले. मीही हसले. मग चौथा मजला येईपर्यंत मला कसंतरीच होत राहिलं.

“लहान आहे, तिला काय कळतंय” हे आपलं ठरलेलं वाक्य. शब्दांचा अर्थ कळत नाही, हे खरंच आहे. पण टाळ्या कुठे पडतात ते बरोबर कळतं. आणि कशासाठी पडल्या, हे तिला सोडून हॉलमधल्या सगळ्यांना कळलेलं असतं.

हे गाणं गाणाऱ्या श्रेया घोषालनंच एका मुलाखतीत सांगितलंय, की अर्थ न कळणाऱ्या छोट्या मुली ते गातात तेव्हा तिला अवघडल्यासारखं होतं. जून २०१९ मध्ये तर केंद्रीय माहिती आणि प्रसारण मंत्रालयानं टीव्ही वाहिन्यांना सूचना दिली होती, की डान्स रिअॅलिटी शोमध्ये मुलांना मोठ्यांसाठी बसवलेल्या, वयाला न शोभणाऱ्या हालचाली करायला लावू नका. पण सोसायटीच्या मांडवाला कोण सूचना पाठवणार?

माझं गाण्याशी भांडण नाही. त्याची चाल तर आपलीच, अजय-अतुलच्या ‘कोंबडी पळाली’ची. कुणाच्या हळदीला ते लागलं तर मी पहिली उठेन. मी सत्तावीस वर्षांची आहे, मला त्यातली गंमत कळते. चिऊला गमतीतला वाटा मिळाला नव्हता, फक्त काम मिळालं होतं.

ताईला हे बोलले तर ती चिडली. “मला बाबांसारखं वागायचं नाहीये.” ती सातवीत असताना बाबांनी तिला गॅदरिंगच्या नाचातून आदल्या दिवशी काढलं होतं. कारण सांगितलं नाही. ड्रेस कपाटात तसाच राहिला. तेव्हाच तिनं ठरवलं होतं, आपल्या मुलीला ‘नाही’ म्हणायचं नाही.

मला तिचं पटतं. तरीही वाटतं, की बाबांचं ‘नाही’ आणि ताईचं ‘हो’ दिसतात तेवढे लांब नाहीत. दोघांनाही मुलीशी बोलायची वेळ टळली. माझ्या ‘पाव किलो’नंही तेच केलं.

यंदा जुलैमध्येच चिऊनं जाहीर केलं, की परत तेच गाणं. मी तिला शेजारी बसवलं. म्हटलं, “ते मोठ्या माणसांचं गाणं आहे. त्यातली बाई दारू पिऊन नाचतेय. पव्वा म्हणजे दारूची छोटी बाटली. मागच्या वर्षी मी तुला खोटं सांगितलं. आपण तुझ्यासाठी दुसरं गाणं शोधू.”

ती रडेल असं वाटलं होतं. ती विचार करत बसली. मग म्हणाली, “मग तुम्ही सगळ्यांनी टाळ्या का वाजवल्या?”

मी स्वयंपाकघराकडे बघितलं. ताईनं गॅस बंद केला आणि बाहेर येऊन आमच्याजवळ बसली.