अंधार आधी जातो

फोनवर थ्रिलर पाहून ‘काही भीती-बिती वाटली नाही यार’ म्हणणाऱ्या मित्रांशी मी आता वाद घालत नाही. त्यांनी दोन तास पाहिलेलं असतं हे खरं, पण सिनेमातला जो भाग भीतीचं काम करतो, तो बरेचदा त्यांच्या फोनपर्यंत पोचलेलाच नसतो.

हे मी नोकरीतल्या माहितीवरून सांगतोय. मी व्हिडिओ प्लेअरवर काम करणारा इंजिनिअर आहे. तुमचं नेटवर्क मंदावलं की चालू सिनेमाची क्वालिटी गुपचूप खाली आणायची, पण सिनेमा थांबू द्यायचा नाही, हे आमचं काम. सेलूला घरी आलो की माझं हे काम मीच गिऱ्हाईक म्हणून भोगतो, कारण मागच्या खोलीत नेटवर्कच्या दोन काड्या आल्या तरी दिवाळी. आणि क्वालिटी खाली आली की सगळ्यात आधी अंधार जातो. साध्या ८ बिटच्या व्हिडिओत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जेमतेम २५६ पायऱ्या असतात. अंधाऱ्या खोलीचं दृश्य त्यातल्या तळाच्या थोड्याशा पायऱ्यांवर उभं असतं. डेटा वाचवायचा म्हटलं की त्याही एकमेकींत मिसळतात आणि काळोखाचे चौकोनी ठोकळे होतात. कोपऱ्यात कुणी उभं आहे की नाही, ही शंका दिग्दर्शकाने मेहनतीने पेरलेली असते. ठोकळ्यांत शंका राहत नाही.

आवाजाचंही तसंच. थिएटरमध्ये छातीत जाणवणारी ती खालची घुमघुम फोनचा नखाएवढा स्पीकर काढूच शकत नाही. फोन मुळात माणसाचं बोलणं ऐकवायला बनलाय.

‘तुंबाड’चं नुकसान यात सगळ्यात जास्त होतं. २०१८चा राही अनिल बर्वेचा सिनेमा. खराखुरा पाऊस हवा म्हणून चार पावसाळे शूटिंग चाललं. पंकज कुमारच्या कॅमेऱ्यात तो पाऊस, ओल, कंदिलाचा उजेड एकमेकांत असे मुरलेत की वाडा कुठे संपतो आणि काळोख कुठे सुरू होतो ते कळत नाही. मी तो आधी फोनवर पाहिला होता. सप्टेंबर २०२४मध्ये पुन्हा थिएटरला लागला तेव्हा नागपूरला जाऊन पाहिला आणि अर्धा सिनेमा नवाच निघाला. (विदर्भातल्या माणसाला मिरवायला एक गोष्ट: बर्वेला नारायण धारपांची जी कथा ऐकून या सिनेमाचं बीज मिळालं, ती एका मित्राने त्याला नागझिऱ्याच्या जंगलात सांगितली होती.)

मग मी एक खेळ सुरू केला. कोणता सिनेमा दोन काड्यांच्या नेटवर्कवर, स्वस्त फोनवर, हेडफोन न लावताही घाबरवतो?

‘कौन’ घाबरवतो. १९९९चा, रामगोपाल वर्माचा, अनुराग कश्यपने लिहिलेला. गाणं एकही नाही. मोठं घर, बाहेर पाऊस, टीव्हीवर खुन्याची बातमी, घरात एकटी ऊर्मिला मातोंडकर आणि दारावर बेल वाजवणारा मनोज बाजपेयी. तो नुसता बोलत राहतो. गोड बोलतो, चिवट बोलतो, दारातून हलत नाही. बेल आणि माणसाचा आवाज या दोन्ही गोष्टी फोनच्या स्पीकरला उत्तम जमतात, त्यामुळे इथे काहीच गळत नाही. पण खरी करामत वेगळी आहे. कॅमेरा सुरुवातीपासून तिच्या सोबत राहतो. ती दचकली की आपण दचकतो, ती दाराच्या आड गेली की आपणही. कॅमेरा ज्याच्या सोबत, तो आपला माणूस, असा करार आपण न विचारता करून टाकतो. शेवट सांगत नाही, पण त्या करारावर सही कुणी घेतली होती हे शेवटी कळतं.

हिचकॉकचं ते टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण तुम्ही ऐकलं असेल. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच सांगितलं, आणि टेबलावरची माणसं गप्पा मारत बसली, तर तो मिनिटं मोजत बसतो. म्हणजे कुणाला काय माहीत आहे, यावर सगळं चालतं. माहितीला नेटवर्क फारसं लागत नाही.

दुसरा ‘लपाछपी’. २०१७चा, विशाल फुरियाचा मराठी सिनेमा. पुढे त्यानेच हिंदीत ‘छोरी’ केला. याला कुणी हॉरर म्हणतं, कुणी थ्रिलर. मला त्या भांडणात रस नाही. गरोदर नेहा नवऱ्यासोबत ड्रायव्हरच्या गावच्या घरी लपायला येते आणि त्या घराभोवती चहूकडे ऊस असतो. पूजा सावंतची नेहा आणि उषा नाईकची तुळसाबाई. तुळसाबाईच्या प्रेमळपणाने जी शिरशिरी येते ती कुठल्याही मेकअपने आली नसती. आणि बरंचसं सगळं भर दिवसा घडतं. उन्हात, लख्ख. बिटरेट कितीही पडला तरी ऊन ऊनच राहतं.

हा सिनेमा मी बाबांसोबत पाहिला. बाबांना सिनेमाचं कौतुक नाही, पण उसात नेहा धावायला लागली तसे ते सावरून बसले. म्हणाले, “बरोबर दाखवलं त्यानं. पिकात शिरलं का चार हाताच्या पलीकडं काई दिसत नाई. आवाज मात्र सगळे येते.”

मी एवढे लेख वाचलेत, फ्रेमबाहेरच्या जागेवर, आवाजाच्या वापरावर. इतक्या कमी शब्दांत कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्याकडे ऊस नाही, तूर आहे. दिवाळीनंतर ती माणसाच्या डोक्यावर जाते. आमचं वावर हिंगणीच्या बाजूला, बोर धरणाच्या रस्त्याकडे. बोर २०१४पासून व्याघ्र प्रकल्प आहे. लहानसा, पण वाघाला वनखात्याची हद्द कुठे वाचता येते? रब्बीत हरभऱ्याला ओलीत करायचं तर थ्री-फेज लाइन आली पाहिजे, आणि ती काही दिवस रात्रीच येते. मग बाबा रात्री अकराला बॅटरी आणि काठी घेऊन निघतात. वाटेत तुरीचा पट्टा आहे. गेल्या हिवाळ्यात शेजारच्या धुऱ्यावर पंजे उमटलेले दिसले, मोठे. बाबा म्हणाले, जुने असतील. रानडुकरांना ते जास्त भितात, डुकरं विचार करत नाहीत म्हणून.

‘पाणी एक दिवस राहू द्या’ असं मी एकदाच म्हटलं. हरभरा फुलावर होता. त्यांनी उत्तर दिलं नाही, बूट घातले.

त्या रात्री आई झोपत नाही. बाबा मोटार सुरू झाली की फोन लावतात आणि तसाच शर्टाच्या खिशात ठेवतात. आई इकडे स्पीकर ऑन करून फोन उशाशी ठेवते. बोलणं नाहीच. वाऱ्याचा असतो तसा बारीक ‘हिस्स’ आवाज, मध्येच खोकला, मध्येच “हं, चालू हाय.” पुन्हा ‘हिस्स’. आई डोळे मिटून ऐकत असते. कोणत्याही थिएटरमध्ये इतकं लक्ष देऊन ऐकणारा प्रेक्षक मी पाहिलेला नाही.

तो ‘हिस्स’ आवाज मात्र वावराचा नसतो. समोरचं माणूस गप्प असलं की फोन त्याच्याकडचा आवाज पूर्णपणे पाठवत नाही, डेटा आणि बॅटरी वाचवायला. पण एकदम शांतता झाली तर ऐकणाऱ्याला वाटतं, फोन कटला. म्हणून ऐकणाऱ्याच्याच फोनमध्ये अंदाजाने एक हलका आवाज तयार केला जातो. त्याला आमच्या भाषेत ‘कम्फर्ट नॉइज’ म्हणतात. शिवाय गोंगाट गाळणारं सॉफ्टवेअर वेगळंच. तुरीत काही सळसळलं, तर ते गाळलं जाण्याचीच शक्यता जास्त.

हे आईला सांगावं की नाही, याचा मी बरेचदा विचार केलाय. जानेवारीतल्या एका रात्री दीड वाजता मी लॅपटॉप मिटून तिच्याजवळ जाऊन बसलो. बाबांचा शेवटचा आवाज येऊन वीस-पंचवीस मिनिटं झाली होती. फोनमधून तोच बारीक आवाज चालू होता. आईने फोन माझ्याकडे सरकवला.

“आयक,” ती म्हणाली, “तिकडं हवा सुटली वाटते.”

मी ऐकलं. “हो,” म्हणालो, “सुटली.”