खळ्यावरचा नाताळ

2018 च्या डिसेंबरमधली गोष्ट. जिल्ह्याबाहेरच्या वाचकांना कदाचित आठवत नसेल, पण त्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून आमच्या डहाणू आणि तलासरी तालुक्यांत जमीन हलू लागली होती. धुंदलवाडीचे नाव सारखे पेपरात यायचे. धक्के फार मोठे नसत, पण केव्हाही येत, आणि आधी जमिनीखालून सुरुंग लावल्यासारखा आवाज होई. डहाणूला समुद्राकाठी आमच्या मांडणीवरची भांडी किणकिणत, तेवढेच. तलासरीकडे मात्र माणसे रात्री घरात झोपेनाशी झाली होती. आणि तिकडे माझी चार वर्षांची नात होती.

'तिकडे' हा आमच्या घरातला जपून वापरायचा शब्द. तिकडे म्हणजे माझ्या लेकीचे सासर. लेक शिक्षिका, जावईही शिक्षक. एकाच शाळेत नोकरीला असताना दोघांनी ठरवले आणि 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न केले. जावई वारली, तोही ख्रिस्ती. तलासरीला जेझुइट फादरांचे ज्ञानमाता सदन आहे, तिथल्या वसतिगृहात राहून तो शिकला. मुसलमान मुलाने बाहेरची मुलगी केली तर समाज कुरकुरत का होईना, पण पचवतो. मुलीने केले की घराला टाळे लागते. आमच्या ह्यांनी तीन वर्षे लेकीशी बोलणे टाकले होते. ठाण्यातून वेगळा होऊन पालघर जिल्हा झाला तो 2014 साली, आणि त्याच वर्षी नात झाली. तेव्हा कुठे हे दवाखान्यात गेले, बाळाच्या कानात अजान दिली आणि लेकीकडे न बघता परत आले. माझी नणंद म्हणाली, "नाव काय ठेवणार ते बघ आधी, मग अजान दे."

त्यानंतर येणे-जाणे सुरू झाले, पण ते ईदेला लेक-जावयाने डहाणूला येण्यापुरते. नाताळला आम्ही तिकडे कधी गेलो नाही. यात एक गंमत होती. आमची छोटी बेकरी आहे आणि डिसेंबर हा तिचा कमाईचा महिना. गावातले ख्रिस्ती, इराणी, पारशी गिऱ्हाईक आमच्याकडूनच केक नेते. लेक एकदा बापाला बोललीच, "अब्बा, केक विकायला चालतो, खायला चालत नाही का?" ह्यांनी उत्तर दिले नाही.

एका दुखण्याला मात्र मीच कारण होते. नात माझ्याकडे आली की मी तिला गोष्टी सांगते. त्यात एकदा बीबी मरियमची सांगितली. कुराणातल्या एकोणिसाव्या सूरेला तिचेच नाव आहे. मरियम एकटी दूर निघून जाते, कळा सुरू होतात तेव्हा खजुरीच्या बुंध्याशी टेकते, पायाशी झरा वाहतो आणि झाड हलवले की ताजे खजूर पडतात, अशी ती कथा. नातीला खजुराचा पाऊस इतका आवडला की तिने तो जपून ठेवला. पुढे तिकडच्या रविवारच्या वर्गात कोणी विचारले, येशूबाळ कुठे जन्मला? सगळी मुले म्हणाली गोठ्यात, आमची म्हणाली खजुरीच्या झाडाखाली. मुले हसली. ही रडत घरी आली. लेकीचा फोन आला, "अम्मी, तिला असं दोन्हीकडचं सांगू नकोस गं. तिला वर्गात बसायचं असतं."

मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवले. गोव्याच्या फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण 1616 साली छापले गेले. योगसंग्राम लिहिणारे श्रीगोंद्याचे शेख महंमद त्याच शतकातले. दोघांनी मराठीत सांगायचे म्हटल्यावर ओवीच घेतली. हे मी वर्षानुवर्षे मुलांना कौतुकाने सांगत आले, आणि माझ्याच नातीला दोन गोष्टी एकदम सांगितल्या तर तिला वर्गात रडावे लागले. त्या दिवशी फोन ठेवल्यावर मी बराच वेळ ओट्याशी उभी होते.

असो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात लेकीने सांगितले की त्यांच्या पक्क्या घराच्या भिंतीला तडा गेला आहे आणि सगळे अंगणात झोपतात. हे म्हणाले, "पोरीला इकडे घेऊन येऊ." 24 तारखेला दुकान नोकरांवर सोडून निघायचे ठरले. ज्या दिवशी पेटीत सर्वांत जास्त पैसे येतात तोच दिवस. पिशवीत मी खजुराचे पाकीट टाकले. ह्यांनी नानकटाई घेतली. केक घेतला नाही. नानकटाईला धर्म नसतो असे त्यांना वाटत असावे.

एसटीने चारोटीला आलो, तिथून हायवेने तलासरी. पाड्यावर पोचलो तेव्हा ऊन कलले होते. भात झोडून झाले होते, शेणाने सारवलेल्या खळ्यावर ताडपत्री ताणली होती आणि कडेला पेंढ्याच्या गंजी रचलेल्या. व्याह्यांचे चार भावांचे कुटुंब, वापीच्या कारखान्यांत कामाला असलेली पोरे सणाला परत आलेली, लहान मुले तर मोजता येईनात. घरात सगळे ख्रिस्ती आहेत असेही नाही. धाकटा भाऊ अजून हिरवा देव मांडतो. मधला लाल बावट्याचा. त्यांचे वडील 1945 च्या वारल्यांच्या लढ्यातले, वेठबिगारी मोडणारे. म्हणून ओटीवर येशूच्या तसबिरीशेजारी गोदावरी परुळेकरांचा फोटो. आमच्या घरी अशी भिंत चालली नसती.

सिमेंटच्या घरकुलाला कोपऱ्यातून दारापर्यंत तिरपी भेग पडली होती. शेजारचे जुने कुडाचे घर मात्र जसेच्या तसे उभे. कारवीच्या काठ्या, वर शेणमातीचा लेप. जमीन हलली की ते सगळेच्या सगळे हलते आणि परत जागेवर येते. व्याही म्हणाले, "पक्कं घर मोडतं, कच्चं नाय मोडत. म्हणून बाळाला कुडात ठेवलंय." मला वाटले माझ्या नातीला. ते गव्हाणीबद्दल बोलत होते.

गव्हाणी नव्या पेंढ्याची होती. मागच्या भिंतीवर गेरू सारवून जावयाने तांदळाच्या पिठाने चित्र काढले होते, दोन त्रिकोणांची आई, दोन त्रिकोणांचा बाप, मध्ये इवलासा जीव, भोवती गाई आणि कोंबड्या. नात माझा हात धरून मला आत घेऊन गेली. मोठ्याने बोलायचीही तिची तयारी नव्हती. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "नानी, ह्याच्यात झाड नाहीये." मी काहीच बोलले नाही. पुन्हा दोन्हीकडचे सांगायची मला हिंमत नव्हती. पण जावयाने ऐकले. त्याने बांबूची काडी पिठात बुडवली आणि आईच्या पाठीमागे एक उंच बुंधा काढला, वर पात्यांचा झुबका. म्हणाला, "आपल्या पाड्यावर शिंदीची झाडं आहेतच की. बेथलेहेमात पण असतील." नातीने पाकीट फोडून चार खजूर पेंढ्यात ठेवले. विहीणबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत.

मग ह्यांनी विषय काढला. पोरीला उद्या सकाळी डहाणूला नेतो, धक्के थांबले की आणून सोडू. खळ्यावर सगळे एकदम गप्प झाले. लेकीने मान खाली घातली. विहीणबाईंनी चुलीतले लाकूड मागे ओढले आणि म्हणाल्या, "न्या. नेऊ नका असं कोण म्हणंल? पण धरती हलते म्हणून नेता, का आज नाताळ आहे म्हणून नेता, तेवढं सांगा."

इतकी वर्षे जे कोणी बोलले नव्हते ते त्या माउलीने एका वाक्यात बोलून टाकले. ह्यांच्या तोंडून शब्द फुटेना. खरे सांगायचे तर दोन्ही कारणे होती, आणि कुठले किती हे माझ्या मलाही सांगता आले नसते.

फादरांना त्या रात्री आणखी पाड्यांवर जायचे होते, त्यामुळे आमच्याकडची मिस्सा साडेआठलाच झाली, उघड्यावर. मी बायकांमध्ये मागे बसले. हे पेंढ्याच्या गंजीपाशी लाल बावट्याच्या भावाबरोबर भाताच्या भावावर बोलत राहिले. नातीने पांढरा फ्रॉक घातला होता. पाठीला कागदी पंख. ती फरिश्ता झाली होती. मध्येच तिने वळून नानांकडे बघून हात हलवला. ह्यांनी आधी इकडेतिकडे पाहिले, मग हात वर केला.

रात्री ताडपत्रीखाली ओळीने अंथरुणे पडली. एका घोंगडीत नात, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला विहीणबाई. दोनच्या सुमारास तो आवाज आला. डहाणूला ऐकलेला नव्हे; पाठीखालून, हाडात शिरणारा. जमीन एकदा झटकली आणि थांबली. मी कलमा म्हणू लागले. शेजारी विहीणबाई त्यांची प्रार्थना म्हणत होत्या. आमच्या दोघींचेही हात पोरीवर होते, एकीच्या हातावर दुसरीचा. नात जागी झाली, म्हणाली, "गेला का?" आणि परत झोपली. तिला सवय झाली होती. मला याचेच जास्त वाईट वाटले.

पहाटे हे फजरसाठी उठले तेव्हा व्याही आधीच जागे होते. खळ्याच्या कोपऱ्यात त्यांनी पेंढा पसरून वर धुतलेली चादर घातली होती. पाण्याची कळशी भरून ठेवली होती. नमाज होईपर्यंत ते लांब उभे राहिले. मग काखेत गावठी कोंबडा घेऊन आले, दुसऱ्या हातात सुरी. "तुमच्या हातानं करा. म्हणजे सगळ्यांना एकाच टोपातलं जेवता येईल." अहले किताबच्या हातचे चालते, हे ह्यांनाही ठाऊक होते. पण ठाऊक असणे निराळे. ह्यांनी सुरीची धार अंगठ्यावर पाहिली, कोंबड्याला पाणी पाजले, आणि म्हणाले, "पोर राहू द्या. सण करून आम्हीच जाऊ."

दुपारी तांदळाच्या भाकरी आणि तो रस्सा. सगळ्यांत आधी संपली ती नानकटाई.

हे सारे छान वाटते, पण पुढचे लिहिले पाहिजे. 1 फेब्रुवारी 2019 ला 4.1 चा धक्का बसला. त्या दिवशी दोन वर्षांची एक मुलगी घाबरून पळताना पडली आणि गेली. बातमी कळली तेव्हा हे बेकरीतून तसेच निघाले, पिठाच्या हातांनी. त्या वेळी कोणी कारण विचारले नाही. विहीणबाईंनी स्वतः नातीचे कपडे बांधून ठेवले होते. ती आमच्याकडे दोन महिने होती. त्या दोन महिन्यांत आपण तिला नाताळला तिकडे सोडून आलो होतो, या विचाराने ह्यांना झोप लागत नसे. मलाही. पण चुकले असे मी अजून म्हणत नाही.

आता दर 24 तारखेला आम्ही तलासरीला जातो. नणंद दरवर्षी बोलायचे ते बोलते. पावसाळ्यात कुडाच्या भिंतीचा लेप धुपतो, डिसेंबरात नवा लिंपतात, आणि चित्र पुन्हा काढावे लागते. हल्ली ते नातच काढते. गेल्या वेळी तिने मरियमच्या मागे खजुरीची दोन झाडे काढली आणि दोन्हींच्या गळ्यात एकेक मडके बांधले.

हे चष्मा सावरून बघत राहिले. "हे गं काय?"

"ताडीचं," ती म्हणाली. "इकडच्या झाडांना असतंच की, नाना."

व्याही इतके हसले की त्यांना ठसका लागला. हे पाणी आणायला उठले.