मालगाडीच्या रुळांवरची बाग

न्यूयॉर्क म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, मान मोडेपर्यंत उंच इमारती आणि टाइम्स स्क्वेअरचे दिवे. तिथं जाऊन आलेल्या सगळ्याजणी हेच सांगतात. मैत्रिणींनो, मी मात्र तुम्हाला एका बंद पडलेल्या मालगाडीच्या रुळांवर घेऊन जाणार आहे. नाक मुरडू नका! तिथून परत येताना माझी पावलं जड झाली होती, ती काही नुसती चालून चालून नव्हे.

माझे धाकटे दीर नोकरीनिमित्त जर्सी सिटीला असतात. ऑक्टोबरच्या अखेरीस आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. पुरुषमंडळींचा बेत विमानं आणि जहाजांचं म्युझियम बघायचा. जाऊ म्हणाली, ‘‘वहिनी, त्यांना जाऊ दे तिकडे. आपण दोघी हाय लाइनवर जाऊ. तिकीट नाही, रांग नाही, आणि बसायला बाकं भरपूर.’’ थालीपिठांचा डबा पिशवीत टाकला आणि आम्ही निघालो.

हाय लाइन म्हणजे रस्त्यापासून दोन-तीन मजले उंचावरून जाणारा लोखंडी पूल. गॅन्सवूर्ट स्ट्रीटपासून चौतिसाव्या स्ट्रीटपर्यंत, सुमारे सव्वादोन किलोमीटर. जिना चढून वर गेलं की खालचा गोंगाट एकदम मागे राहतो. समोर लांबट सिमेंटच्या पट्ट्यांची वाट, त्या पट्ट्यांच्या फटींतून उगवलेलं गवत आणि त्या गवतातून मध्येच डोकं वर काढणारे जुने रूळ. हे रूळ शोभेला कुठून तरी आणून टाकलेले नाहीत बरं का! बागेचं काम सुरू झालं तेव्हा प्रत्येक तुकड्यावर खूण करून तो काढून ठेवला होता, आणि नंतर त्यातले बरेचसे पुन्हा आपापल्या जागी बसवले. लग्नघरात भांड्यांवर नावं घालतात ना, तसंच काहीसं.

पण हा पूल मुळात बांधला कशासाठी, ते आधी ऐका. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मालगाड्या इथं चक्क रस्त्यावरून धावत. टेन्थ अव्हेन्यूवर घोडागाड्या, फेरीवाले, शाळेत जाणारी पोरं आणि त्यांच्यामधूनच वाफेचं इंजिन! माणसं मरत होती. इतकी, की लोकांनी त्या रस्त्याचं नावच ‘मृत्यूचा रस्ता’ असं पाडलं होतं. शेवटी गाडीच्या पुढे घोडेस्वार ठेवले. दिवसा हातात लाल निशाण, रात्री कंदील. त्यांनी लोकांना बाजूला सारायचं आणि मागून गाडी यायची. तरी अपघात थांबले नाहीत. १९०८ साली सात वर्षांच्या एका मुलाचा असाच बळी गेला, तेव्हा शाळकरी पोरांनीच मोर्चा काढला होता. त्या काळच्या आया मुलांना रस्त्यापलीकडे दुकानात कशा धाडत असतील, हे त्या पुलावर उभं राहून खाली बघताना मनात आल्याशिवाय राहत नाही.

गाड्या रस्त्यावरून उचलून वर न्यायच्या, असा करार १९२९ साली झाला आणि १९३४ साली पूल सुरू झाला. यात एक गंमत आहे. पूल रस्त्याच्या डोक्यावरून नेलेला नाही, तो इमारतींच्या मधून, काही ठिकाणी थेट इमारतींच्या पोटातून जातो. दूध, मांस, भाजीपाला भरलेली गाडी सरळ कारखान्याच्या वरच्या मजल्यावर जाऊन उभी राहायची. वाटेत पूल एका जुन्या बिस्किटांच्या कारखान्यातून जातो. आपली नातवंडं क्रीम चाटून मग खातात ते ओरिओ बिस्किट १९१२ साली इथंच पहिल्यांदा तयार झालं. आता त्या इमारतीत चेल्सी मार्केट नावाचा मोठा बाजार आहे. भाव विचारू नका.

पुढं ट्रकचे दिवस आले आणि गाड्या कमी झाल्या. दक्षिणेकडचा काही भाग १९६० च्या दशकात पाडला. १९८० साली शेवटची गाडी गेली, तीन डबे भरून गोठवलेल्या टर्की कोंबड्या घेऊन! त्यानंतर वर शुकशुकाट. खालच्या जमीनमालकांना तो पूल पाडून हवा होता. तिथं राहणारा पीटर ओब्लेट्झ नावाचा एक रेल्वेवेडा गृहस्थ मात्र आडवा आला. १९८४ साली रेल्वे कंपनीनं त्याला तो पूल विकला, किंमत फक्त १० डॉलर! पुढं तो व्यवहार रद्द झाला, पण पाडापाडी लांबली ती लांबलीच. १९९६ साली तो गेला. बाग पाहणं काही त्याच्या नशिबी नव्हतं.

माणसाची वर्दळ थांबली आणि निसर्गानं आपलं बस्तान बसवलं. वाऱ्यानं, पाखरांनी आणलेलं बी रुजलं, गवत, रानफुलं, झुडपं वाढली. १९९९ साली जोशुआ डेव्हिड आणि रॉबर्ट हॅमंड या दोघांनी पूल वाचवण्यासाठी संस्था काढली. दोघंही त्याच भागात राहणारे, पण एकमेकांना अनोळखी. एका सभेत शेजारी-शेजारी बसले, एवढीच ओळख. २००१ साली महापौर जुलियानी यांनी जाता जाता पाडण्याच्या कागदावर सही केली होती. पण पुढच्या महापौरांनी, ब्लूमबर्ग यांनी, उलट मदतीचा हात दिला. २००३ साली लोकांकडून कल्पना मागवल्या, तर ३६ देशांतून ७२० आल्या. कुणी म्हणालं, पुलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोहण्याचा तलाव करा! अखेर बागेवर शिक्कामोर्तब झालं आणि जून २००९ मध्ये पहिला टप्पा खुला झाला. दुसरा २०११ साली, तिसरा २०१४ साली.

ही कल्पना मुळात पॅरिसची. तिथं बास्टीलची रेल्वे १९६९ साली बंद झाली आणि तिच्या कमानींच्या पुलावर १९९३ पर्यंत बाग उभी राहिली. खालच्या कमानींत कारागिरांची दुकानं थाटली. ती मी पाहिलेली नाही, म्हणून तिच्याबद्दल इतकंच.

आता आपल्या आवडीचा विषय, झाडं! गच्चीवर किंवा गॅलरीत कुंड्या लावणाऱ्या बायकांनी ही बाग मुद्दाम बघावी. पुलावर माती सरासरी फक्त दीड फूट खोल आहे. वर ऊन, थंडी आणि नदीवरचा बोचरा वारा. एवढ्यात पाचशेच्या आसपास जातींची झाडं जगवली आहेत. पीट औडोल्फ या डच माणसानं ती निवडली. आम्ही गेलो तेव्हा बहुतेक गवत सोनेरी होऊन वाळलं होतं, फुलांची नुसती काळी बोंडं उरली होती. माझे हात शिवशिवायला लागले. म्हटलं, एवढं वाळलेलं उपटत का नाहीत? जाऊ हसली. ‘‘हिवाळाभर असंच ठेवतात, वहिनी. पाखरं बी खातात आणि बर्फ पडला की ती बोंडंच काय सुंदर दिसतात! मार्च महिन्यात माळी आणि स्वयंसेवक मिळून सगळं कापतात.’’ वाळलेल्या झाडालाही शोभा म्हणून ठेवतात, हे मला नवीन होतं. घरी आल्यावर शेवंतीच्या वाळक्या काड्या काढताना हात जरा अडखळला, हेही सांगून टाकते.

एके ठिकाणी रुळांवर चाकांच्या लाकडी आरामखुर्च्या आहेत. सतराव्या स्ट्रीटपाशी पायऱ्या उतरून बसायची जागा आहे, समोर भलीमोठी काच, आणि काचेखालून टेन्थ अव्हेन्यूवरच्या मोटारी वाहत असतात. तिथं बसून थालीपिठं खाल्ली. दोन तास बसलो, पण ‘काय घेणार?’ असं कुणी विचारलं नाही. बाईमाणसाला गावात नुसतं बसायला जागा किती असतात हो? देवळाचा कट्टा आणि दवाखान्याचं बाकडं! म्हणून मला त्या बाकांचं अप्रूप.

पण सगळंच गोडगोड आहे असं सांगितलं तर ते खरं नाही. बाग झाली आणि आजूबाजूच्या जागांचे भाव आभाळाला भिडले. काचेचे महागडे मनोरे पुलाला खेटून उभे राहिले आणि गॅरेजं, छोटी दुकानं उठली. बागेपासून हाकेच्या अंतरावर सरकारी चाळवजा इमारती आहेत, फुल्टन आणि इलियट-चेल्सी नावाच्या. कमी उत्पन्नाची कुटुंबं तिथं राहतात. बाग त्यांच्या दारात असूनही वर फिरताना दिसत होते ते आमच्यासारखे पाहुणेच! वर्षाला पन्नास लाखांवर माणसं यायला लागली, पण शेजारच्यांसाठी आपण कमी पडलो, असं खुद्द हॅमंड यांनीच २०१७ साली जाहीरपणे म्हटलं. ‘बाग कशी असावी’ असं विचारण्याआधी शेजाऱ्यांना ‘तुम्हाला काय हवं’ असं विचारायला हवं होतं, असा त्याचा रोख होता. आता तिथल्या मुलामुलींना बागेत काम आणि पगार देण्याचे कार्यक्रम चालतात. तेवढ्यानं घरभाडं उतरत नाही, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

जायचं असेल तर दक्षिणेकडून सुरुवात करा. पायात चपला नकोत, बूट हवेत. गुडघे कुरकुरत असतील तर काही जिन्यांशेजारी लिफ्ट आहेत आणि वाटेत स्वच्छतागृहंही आहेत. हे मी आधी विचारून घेतलं होतं. शक्यतो सकाळी लवकर जा. दुपारनंतर गर्दी इतकी, की गणपती बघायला निघाल्यासारखं वाटतं.

तिसाव्या स्ट्रीटच्या पुढं वाट नदीकडे वळते. इथं मुद्दाम फारसं काही केलेलं नाही. आपोआप उगवलेली रानझाडं, गंजलेले रूळ, लाकडी स्लीपर, सगळं होतं तसं ठेवलंय. कायद्यानं ही रेल्वे अजून पुरती मोडीत निघालेली नाही. पुढंमागं गरज पडली तर गाडी परत आणायची मुभा ठेवूनच ती बागेला दिली आहे. कठड्यावरून खाली पाहिलं तर लोकलगाड्यांचं यार्ड, चंदेरी डब्यांच्या रांगाच रांगा. संध्याकाळच्या गर्दीसाठी एकेक गाडी हलायला लागली होती. जाऊनं घड्याळ बघितलं. पुरुषमंडळी म्युझियमच्या दारात आमची वाट बघत असणार होती.