आजीच्या नव्वदीला काय नेसायचं?

चि. चिऊस,


तुझी पत्रिका मिळाली. आजीच्या नव्वदीला सगळ्यांनी १९४५ सालच्या गिरगावातले होऊन यायचं, हे वाचून इतका आनंद झाला की रात्री उशिरापर्यंत झोप लागली नाही. पण पत्रिकेवरच्या चित्रातल्या बाईपाशी मात्र अडखळले. पैठणी, नथ, चंद्रकोर, खांद्यावर शेला. चिऊ, ही लग्नाच्या हॉलमधली बाई आहे. आपल्या चाळीतली नव्हे.

१९४५ साली तुझी आजी दहा वर्षांची होती. युद्धापायी गिरण्यांचं कितीतरी कापड लष्कराकडे जाई. १९४३ साली मुंबईत धान्याचं रेशनिंग आलं, त्याच वर्षी कापडावरही सरकारी नियंत्रण बसलं. पणजीच्या लुगड्याचं पुढे काय काय होई, ते आजीनं मला कितीदा सांगितलंय! मध्ये विरलं की तो भाग कापून उरलेले तुकडे जोडायचे, म्हणजे दंड घालायचा. तेही फाटलं की काठाकडच्या धडक्या भागातून मुलींचे परकर. परकर आखूड झाला की दुपटी, मग गोधडी, आणि अगदी शेवटी पोतेरं. दिवाळीच्या नव्या परकरालाही आईचा वास यायचा, असं ती सांगते तेव्हा तिचा हात आपोआप मांडीवरून फिरतो.

म्हणून भाड्याचे कपडे आणू नकोस. घरातल्या जुन्या सुती साड्यांचे परकर-पोलके छोट्या मुलींना शिव. दोन वेण्या, वर दुमडून लाल रिबिनी. सुनांनी रोजच्या वापरातलं वाटेल असं लुगडं नेसावं, शिवलेली नऊवारी नको. तू आणि तुझ्या मैत्रिणी मात्र गोल पाचवारी नेसा, पोलक्याला फुग्यांच्या बाह्या. तेव्हा एकाच गॅलरीत आई कासोट्यात आणि कॉलेजातली लेक गोल पातळात उभी असायची. मला त्या काळातलं हेच सगळ्यात देखणं वाटतं. कपाळाला आधी मेण, त्यावर कुंकू. चिकटवायची टिकली नको. पुरुषांना धोतर, कोट, काळी टोपी. एकदोघांनी खादी घालावी. १९४२ च्या ८ ऑगस्टची ‘भारत छोडो’ची सभा झाली ते गवालिया टँक चाळीपासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं.

गाणी ज्योत्स्नाबाई भोळ्यांची लाव. त्यांची भूमिका असलेलं ‘कुलवधू’ नाटक रंगभूमीवर आलं ते १९४२ साली. दर गाण्यानंतर मात्र थोडं थांब. तबकडीची एक बाजू तीनेक मिनिटांत संपायची, मग ती उलटायची, ग्रामोफोनला चावी द्यायची. त्या मधल्या वेळात माणसं बोलायची.

आता मनातली गोष्ट. आजीच्या आत्याबद्दल कुणी तुला फारसं सांगितलं नसेल. तिला लहानपणीच वैधव्य आलं. जन्मभर लाल आलवण आणि डोक्यावरून घट्ट पदर. आलवण वेश म्हणून कुणीही नेसू नये. तिनं ते हौसेनं नेसलं नव्हतं. पण तिला वगळून ती चाळ उभी करू नकोस. आजीच्या वेण्या रोज सकाळी तीच घालायची. स्वतःच्या डोक्यावर केस नसलेली ती बाई भाचीच्या केसांतला गुंता न दुखवता सोडवायची. तिचा फोटो कुणी काढलाच नाही. वातींचा पितळी डबा तेवढा माझ्याकडे आहे, तो घेऊन येते. आजीच्या खुर्चीशेजारी नुसता ठेव. कार्ड लावू नकोस, कुणाचा ते आजीला कळेल.

रविवारी सकाळी लवकर ये. पणजीचं दंड घातलेलं एक इरकली लुगडं माझ्या ट्रंकेत अजून आहे. आधी माझ्या साध्या लुगड्यावर कासोटा घालायला शिक, निऱ्या सुटायच्या थांबल्या की ते इरकली तुला नेसवते.

तुझी,
मावशी