पानातली रेघ

हरिशंकरपुरम, ग्वाल्हेर
12 सप्टेंबर

ती. ताईस,


तुझं पत्र पोचलं. लिंबाची आकसलेली पानं सगळी छाटून जाळून टाक, असं तू लिहिलंस. ताई, तुझा शब्द मी सहसा मोडत नाही, पण ही पानं मी छाटली नाहीत आणि छाटणारही नाही. का, ते लिहिते.

तुम्ही वरुडकडे जिला नागअळी म्हणता तीच ही. इथला माळी नुसतंच ‘पत्ती में कीड़ा है’ म्हणतो. अंगणातलं कागदी लिंबू आता सहा वर्षांचं झालं. जुलैत पाऊस सुरू झाला, मी हौसेनं मूठभर युरिया टाकला, आणि बघता बघता सगळे शेंडे पोपटी नवतीनं भरून गेले. मला इतका आनंद झाला होता! आठवड्याभरात त्याच पानांवर चंदेरी, नागमोडी रेघा उठल्या. गोगलगाय चालून गेल्यासारख्या.

बाबांचं तिकिटं बघायचं भिंग माझ्याकडेच आहे. ते घेऊन रोज सकाळी झाडाशी उभी राहू लागले. पान उन्हाकडे धरलं की रेघेच्या टोकाला फिकट पिवळसर, चपटी, बिनपायांची अळी दिसते. तिच्या मागे रेघेच्या मधोमध बारीक काळी ओळ असते, ती तिची विष्ठा. अंड्यातून निघते तीच थेट पानाच्या सालीखाली शिरते, अंगाला वारा लागू देत नाही. सालीच्या पेशी फोडून रस पिते. खालचा हिरवा गर मात्र तिच्या वाटेला येत नाही. साल सुटून मध्ये हवा शिरते, म्हणून ती वाट चांदीसारखी चमकते. तीनदा कात टाकते तोवर पिणं चालू. चौथ्या अवस्थेत खाणंपिणं बंद, मग फक्त रेशीम कातते. पानाच्या कडेशी येऊन त्या रेशमानं कड दुमडून घेते आणि त्या घडीत कोष करते. आपण म्हणतो पान आकसलं, ती तर तिची ओढून घेतलेली शिवण! सगळं आयुष्य त्या एकाच पानात, दुसऱ्या पानावर ती जात नाही.

अशी एक घडी मी काचेच्या बरणीत ठेवली, तोंडाला मलमल बांधली. आठव्या दिवशी सकाळी घडीतून कोषाचं रिकामं टरफल अर्धं बाहेर आलेलं दिसलं. डोक्यावरच्या टोकानं भोक पाडून कोष बाहेर सरकला होता. मलमलीवर पतंग बसला होता, जिऱ्याच्या दाण्याहूनही लहान. रुपेरी पंख, त्यांवर तपकिरी पट्टे, टोकाला एकेक काळा ठिपका, मागच्या पंखांना पिसासारखी झालर. भिंगाशिवाय मी त्याला धूळ समजून पुसलं असतं. तो दिवसा दडून राहतो. संध्याकाळनंतर मादी कोवळी पानं शोधून, बहुधा पानाच्या खालच्या बाजूला, एकेक अंडं सुटं ठेवते. 1856 मध्ये स्टेंटन नावाच्या इंग्रज अभ्यासकानं कलकत्त्याच्या नमुन्यांवरून याचं पहिलं वर्णन केलं. म्हणजे मूळचा आपल्याकडचाच. 1993 मध्ये तो अमेरिकेत फ्लोरिडाच्या संत्राबागांत पोचला तेव्हा तिथे मोठी धावपळ उडाली. बेलावरही तो येतो. श्रावणात महादेवाला वाहायला पानं निवडताना रेघ उठलेली आपण बाजूला काढायचो, आठवतं?

आता छाटण्याचं. मादीला फक्त कोवळं पान लागतं, पान जून झालं की तिला त्याचा उपयोग नाही. मी फांद्या छाटल्या की झाड पुन्हा नवती फेकणार, म्हणजे मीच तिला पुन्हा ताट वाढणार. युरिया टाकून एकदा वाढून झालंच आहे, ती चूक माझी. शिवाय रेघा उठल्या तरी गर शाबूत असतो, ते पान वाकडं का होईना, झाडासाठी अन्न करतंच. फवारा मारला तर सालीखालच्या अळीपर्यंत बहुतेक औषधं पोचत नाहीत, मरतात त्या तिच्यावर अंडी घालणाऱ्या इवल्याशा गांधीलमाश्या. सहा वर्षांचं झाड एवढं सहज सोसतं.

तुमच्या रोपवाटिकेतल्या कलमांचं वेगळं, हे मला कळतं. चार पानांचं रोप, त्यातली तीन गेली तर ते वाढणार कसं? तिथे निंबोळी अर्काची फवारणी नवती फुटतानाच हवी. अळीच्या जखमांतून खैऱ्या रोगही शिरतो, म्हणून कागदी लिंबाला भावोजी जपतात ते योग्यच आहे. मीही पानांवर डाग येतात का, बघत असते.

बरणीतला पतंग संध्याकाळी मलमल सोडून मोकळा केला. तू रागावशील, पण मला मारवेना. क्षणभर तो बरणीच्या काठावर थांबला, मग लिंबाकडे नाही, शेजारच्या भिंतीकडे गेला.

या वर्षी युरिया बंद, शेणखत तेवढं दिवाळीनंतर घालीन. भावोजींना नमस्कार. मृगाच्या बहारातल्या एखाद्या पानाची घडी पाठव, मी बरणी धुऊन ठेवली आहे.

तुझी,
धाकटी